पत्र्याखाली हाऊसफुल्ल

ठण्ण!

भर दुपारच्या शांततेत स्वयंपाकघरात पेला पडला. गीतांजलीनं तांदूळ निवडायचं ताट होतं तसं टाकलं, पाच वर्षांच्या नीलूला काखोटीला मारलं आणि अंगणात धाव घेतली.

लातुरात त्या दिवसांत पेला पडणं ही साधी गोष्ट नव्हती. भूकंपाला दोन वर्षं होत आली तरी घराघरात उपड्या तांब्यावर पेला आणि पेल्यावर चमचा असा मनोरा रचलेला असायचा. जमीन जरा थरथरली की पेला पडणार, पेला पडला की माणसं पळणार. सरकारी यंत्र काय सांगायचं ते सांगो, लातूरकरांचा भरवसा आपल्या पेल्यावर. पेला मांजरानं पाडला असला तरी आधी पळायचं, मांजराला शिव्या मागाहून.

अंगणात काहीच हलत नव्हतं. तारेवरचा कावळासुद्धा जागचा उठला नव्हता.

"आई, भूकंप झाला?" नीलूनं विचारलं.

"न्हाई गं. मांजर असंल."

पण मांजर नव्हतं. गीतांजली घरात आली आणि तिची नजर बाजेवर गेली. बाजेवरची उशी गायब होती. तिनं स्वतः हिरव्या दोऱ्यानं पोपट भरलेल्या अभ्र्याची उशी. मागच्या आठवड्यात एक चादर अशीच गेली होती. चोर आला म्हणावं तर शेजारी पितळेचा हंडा तसाच होता. हंडा सोडून उशी नेणारा चोर कसला? मागचं दार तेवढं किलकिलं होतं. आणि सासूबाई कावेरीबाई नेहमीप्रमाणे देवळात पुराण ऐकायला गेलेल्या. हेही नवीनच. जन्मात कधी पुराणाला न बसलेली बाई गेल्या महिन्यापासून रोज दुपारी न चुकता जात होती.

घरात काहीतरी शिजत होतं, आणि ते चुलीवरचं नव्हतं.

गीतांजलीचं घर म्हणजे चंद्रमा टॉकीजची मागची बाजू. सासरे चंद्रप्पा यांनी हौसेनं थेटर बांधलं. पण भिंती उभ्या राहीपर्यंत हौस उरली नि पैसा सरला, म्हणून वर स्लॅबऐवजी पत्रा आला. पडद्यामागं दोन खोल्या काढून संसार थाटला, तोही पत्र्याखालीच. नवरा शिवमूर्तीला या पत्र्याची जन्माची लाज. गावातली दुसरी थेटरं स्लॅबची, छताला नक्षी असलेली. पावसाळ्यात चंद्रमामध्ये हिरो काय बोलतो ते कळायचं नाही, हिरोईन मात्र नेहमी पावसात भिजतेय असं वाटायचं.

भूकंपानंतर थेटराला उतरती कळा लागली. आधी लोक बंद जागेत बसेनात, नंतर घरोघरी केबल आली. एकच धंदा गावात बहरला, तो क्लासचा. बोर्डात पोरं चमकायला लागली तसा परभणीपासून उदगीरपर्यंतच्या आईबापांनी लेकरांच्या ट्रंका लातूरच्या एसटीत चढवल्या. बोळाबोळात फळे लागले. भौतिकशास्त्राचे पंचाक्षरी सर तर थेटराचं दार झिजवत होते.

"शिवमूर्तीअप्पा, खुर्च्या हायेत, पंखे हायेत. पडदा काढून फळा लावला की झालं. मागच्या दोन खोल्यांत आमची स्टाफरूम."

शिवमूर्तीनं दिवाळीपर्यंत मुदत मागितली होती. तोवर थेटर सावरलं तर ठीक, नाहीतर खुर्च्या सरांच्या आणि आपण तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटात. त्यावर कावेरीबाईंनी निक्षून सांगितलं होतं, "स्लॅबखाली मी मेले तरी झोपायची न्हाई." त्यांच्या माहेरचं गाव किल्लारीकडं. पाठचा भाऊ त्या पहाटे झोपेतच दगडमातीखाली गेला. तेव्हा त्यांच्या या बोलण्यावर घरात कुणी हसत नसे.

आणि अशात चंद्रमा टॉकीजला 'थोरल्या जावेची ओटी' हा चित्रपट लागला.

नांदेडच्या वितरकानं तो दुसऱ्या पिक्चरबरोबर गळ्यात मारला होता, वांग्याबरोबर किडकं वांगं मारावं तसा. त्यात थोरली जाऊ पहिला अर्धा तास विहिरीकडं जाते आणि दुसरा अर्धा तास विहिरीकडून येते. मधे धाकटी जाऊ दिवा लावते. पहिल्या दिवशी थेटरात माणसं कमी नि चिमण्या जास्त होत्या. पण दुसऱ्या आठवड्यात काय झालं कुणास ठाऊक, दुपारच्या खेळाला गर्दी वाढायला लागली. वाढता वाढता एके दिवशी माळ्यावर धूळ खात पडलेला 'हाऊसफुल्ल'चा बोर्ड शोधून, पुसून लावावा लागला. शिवमूर्ती त्याखाली उभा राहून फोटो काढून आला.

"पब्लिकची नस सापडली पाहिजे," तो जेवताना म्हणाला. भूकंपानंतर पहिल्यांदाच त्यानं दुसऱ्यांदा भात मागितला होता. "लोकायला आता मारामारी नको. घरगुती पायजे. मी आधीच म्हणून राहिलो होतो."

गीतांजलीनं भात वाढला. पण तिच्या मनात पाल चुकचुकत होती.

पडद्याच्या पाठीमागं नांदणाऱ्या बाईला सिनेमा दिसत नाही, पब्लिक ऐकू येतं. लग्न झाल्यापासून गीतांजली भिंतीपलीकडचं पब्लिक ऐकत आली होती. शिट्ट्या वाजल्या की डाळ शिजत घालायची, मारामारी सुरू झाली की कणीक तिंबायची. बायका मुसमुसायला लागल्या की ओळखायचं, आता शेवट आला, ह्यांचा चहा टाकायला हवा. आणि हा हाऊसफुल्ल कसला? ना शिट्टी, ना टाळी, ना कुणी खोकत. थोरली जाऊ टाहो फोडत होती आणि तिच्यासमोर भरलेल्या थेटरात मसणवटीची शांतता.

"अहो, लोक रडत कसे न्हाईत?" तिनं विचारलं.

"मनातल्या मनात रडून राहिले. पिक्चर उच्च दर्जाचा हाय."

"उच्च दर्जाचं बी नाक वाहतंच की. एक जण शिंकरत न्हाई?"

"तुला भरलेलं थेटर बघवंना का गं?"

"बघवतंय. ऐकवंना. अन् माझी उशी कुठं गेली?"

"उशीचा अन् पिक्चरचा काय संबंध?" शिवमूर्ती म्हणाला आणि ताटावरून उठला. तो इतक्या झटकन उठला की गीतांजलीचा संशय दुणावला.

दुसऱ्या दिवशी तिनं स्वयंपाकघराच्या खिडकीतून पाळत ठेवली. आणि तिला दिसले पंचाक्षरी सर! काखेत फुगलेली पिशवी, टोपी डोळ्यांवर ओढलेली. इकडं पाहिलं, तिकडं पाहिलं आणि बाजूच्या दारानं सुळकन थेटरात. पाठोपाठ त्यांच्याच क्लासची पोरं, एकेक करून, वही छातीशी धरून.

गीतांजलीला सगळा उलगडा झाला. दिवाळीची मुदत हे ढोंग होतं. नवऱ्यानं थेटर कधीच क्लासला देऊन टाकलं होतं! आत पडद्यावर थोरली जाऊ फिरत ठेवायची नि खाली पोरांनी गुपचूप गणितं सोडवायची. म्हणून ही शांतता. सासूबाईंना कळू नये म्हणून हा सगळा घाट. उश्या बहुतेक सरांच्या खुर्चीवर ठेवायला.

त्याच संध्याकाळी नांदेडहून वितरकाचा माणूस शेषेराव याचा फोन आला. शिवमूर्ती बाहेर होता, म्हणून तिनंच उचलला.

"कोण, वहिनी का? जरा सांगा मालकाला. हा पिक्चर नांदेडात आडवा झाला. धर्माबादला दुसऱ्या खेळाला डोअरकीपरसुद्धा थांबला न्हाई. मुखेडात बाजाराच्या दिवशी लोक उन्हात उभे राह्यले, पण आत गेले न्हाईत. अन् तुमच्याकडं हाऊसफुल्ल? काळ्याचं पांढरं करून राहिले का काय? मी शुक्रवारी येऊन सोता बघतो."

म्हणजे संशय तिला एकटीलाच नव्हता. गीतांजलीनं ठरवलं, शेषेराव यायच्या आत आपण बघायचं.

दुसऱ्या दुपारी सासूबाई पुराणाला गेल्या. नीलूला शेजारी सोडून गीतांजलीनं पडद्याच्या कडेचं छोटं दार उघडलं. लग्नानंतर ते दार तिनं कधी उघडलं नव्हतं. आत अंधार. पडद्यावर धाकटी जाऊ दिवा लावत होती. दिवा पेटला, त्याचा उजेड खुर्च्यांवर पडला आणि गीतांजलीनं पदर तोंडात कोंबला.

सगळं थेटर झोपलं होतं.

पहिल्या रांगेत पंचाक्षरी सर, टोपी तोंडावर, मानेखाली फुगवलेली हवेची उशी. त्यांच्या मागं दोन रांगा सोडून त्यांचीच पोरं, तोंडावर वह्या उघड्या. बँकेतले साहेब बूट काढून, मोजे घडी घालून, पाय समोरच्या खुर्चीवर. बायकांच्या बाजूला लेकरं मांड्यांवर आडवी. कुणी दातात धरलेली सुपारी तशीच. आणि अगदी कडेला, हिरव्या पोपटावर गाल टेकवून, पुराण ऐकत असलेल्या कावेरीबाई!

"वहिनी, हळू," कानाशी कुजबुज झाली. ऑपरेटर निजामोद्दीन बॅटरी हातानं झाकून उभे होते. चंद्रप्पांच्या वेळचा माणूस. "पब्लिक सोयी हय."

"निजामभाई, हे काय?"

"काय सांगू! जलजला झाल्यापासून ह्या गावाला डोळाच लागला न्हाई. स्लॅबखाली पाठ टेकली की छत छातीवर येतंय वाटतं. अंगणात झोपावं तर डास, पाऊस. हितं वर पत्रा. पडला तर पत्रा पडंल, स्लॅब थोडाच पडणार? तुमच्या सासूबाईंना घरी बी पत्राच, पण एकटीला डोळा लागत न्हाई, हितं चार माणसांत लागतो. अन् ही पिक्चर लई ठंडी. थोरली विहिरीपर्यंत पोचत न्हाई की निम्मे गार."

"अन् कुणी बोललं न्हाई?"

"कोण बोलणार? हरेकाला वाटतं, आपण एकटेच झोपायला येतो, बाकीचे बघायला. डोळे मिटायच्या आधी सगळे एकमेकांवर नजर ठेवतात. लाईट लागली की डोळे पुसतात, म्हणतात, लई रडवलं हो थोरलीनं!" निजामभाईंचा आवाज खाली आला. "मालकाला सांगू नका, वहिनी. मालिक खुश हय."

गीतांजली परत आली. नवऱ्यावर उगीच घेतलेल्या संशयाची भरपाई म्हणून तिनं त्या संध्याकाळी शेंगदाण्याची पोळी केली. पण पहिल्याच घासाला शिवमूर्तीनं बातमी फोडली.

"शुक्रवारपासून थोरली जाऊ बंद! मोठा पिक्चर आणून राहिलो. बॉम्ब, हेलिकॉप्टर, सगळं. शेषेराव येणारच हाय, त्याला दाखवतोच. ह्या पडेल पिक्चरला जर एवढं पब्लिक, तर मोठ्याला किती?"

गीतांजलीची पोळी तव्यावरच राहिली. "बॉम्ब?" ती म्हणाली. "अहो, तोच राहू द्या की. चांगला चालून राह्यला."

"मला बी तेच वाटतं," कावेरीबाई एकदम म्हणाल्या. "तोच राहू दे. देवाधर्माचा हाय. दिवा लावती की ती."

शिवमूर्तीनं आईकडं पाहिलं. "अव्वा, तू कवा बघितलास?"

"मी कुठं बघितला?" कावेरीबाईंनी पोळीत नजर घातली. "ऐकला. भिंतीतून."

सासूनं सुनेकडं पाहिलं, सुनेनं सासूकडं. दोघींच्या मधून हिरवा पोपट उडून गेला. गीतांजली बोलणार होती. पण नवऱ्याच्या चेहऱ्यावर असं काही तेज होतं की तिच्यानं बोलवलं नाही. बापाच्या पत्र्याखाली ताठ मानेनं बसलेला नवरा ती पहिल्यांदा पाहत होती.

शुक्रवारी दुपारी शेषेराव आला आणि रांग बघून दारातच थबकला. पोस्टरवर मशीनगन घेतलेला हिरो होता, पण त्याच्याकडं कुणी ढुंकून बघत नव्हतं. पेंगुळलेला माणूस पोस्टर वाचत नसतो. लोक सवयीनं आले होते.

"ह्या बायायच्या शालीखाली काय हाय हो?" शेषेरावनं डोळे बारीक केले.

"भाविक लोक हायेत," निजामभाई म्हणाले.

सुरुवात बरी झाली. पडद्यावर हिरोची आई लहानग्या हिरोला पाळण्यात जोजवत होती. ती अंगाई इतकी लांबली की हिरो राहिला बाजूला, अख्खं थेटर झोपलं. भिंतीपलीकडं गीतांजली जीव मुठीत धरून बसली होती. शांतता पसरली तशी तिला वाटलं, निभावलं.

आणि पहिला बॉम्ब फुटला.

चंद्रमा टॉकीजचा पत्रा या टोकापासून त्या टोकापर्यंत थडथडला. गंजलेले नट-बोल्ट कुरकुरले, खुर्च्या थरथरल्या. स्वयंपाकघरात मनोरा हलला आणि चमचा, पेला, तांब्या सगळं एकदम कोसळलं. ठण्ण! सगळं माहीत असलेली, बॉम्बची वाट बघत बसलेली गीतांजली, तीसुद्धा नीलूला उचलून पळाली!

रस्त्यावर येते तो काय! थेटराच्या चारी दारांनी गाव बाहेर सांडत होतं. भर उन्हात, भर रस्त्यात निम्मं लातूर अर्धवट झोपेत उभं, आणि प्रत्येकाच्या काखेत काही ना काही. उशी, वाकळ, शाल. बँकेतले साहेब एका मोज्यात. समोरचा चहावाला किटली धरून बघत राहिला.

घटकाभरानं लोकांच्या लक्षात आलं की चहावाल्याची टपरी हलत नाहीय. कावळाही तारेवर आहे. मग त्यांनी एकमेकांकडं पाहिलं.

"सर, तुम्ही?" एक पोरगं म्हणालं.

पंचाक्षरी सरांनी हवेची उशी पाठीमागं धरली. तिनं फुस्स करून त्यांना दगा दिला. "मी... तुम्हाला पकडायला आलो होतो! क्लासच्या टायमाला झोपता?"

"सर, क्लास पहाटे साडेचारचा असतो. झोपावं कवा?"

"गप! आवाजाच्या लहरी शिकवल्या ना मी? पळाला कशाला मग?"

"तुमच्या मागंच पळालो, सर."

तेवढ्यात शिवमूर्ती पायऱ्यांवर आला. त्यानं गर्दी पाहिली, उश्या पाहिल्या, आणि गर्दीच्या मधोमध स्वतःची आई पाहिली.

"अव्वा, तू देवळात होतीस ना?"

"तिथंच निघाले होते."

"उशी घेऊन?"

"पुराण लांबतंय रे हल्ली," कावेरीबाई म्हणाल्या, आणि मग त्यांच्यानं पुढं खोटं बोलवलं नाही. पोपट पोटाशी धरून त्या नुसत्या उभ्या राहिल्या.

शिवमूर्तीचा चेहरा उतरत गेला. "म्हणजे माझा पिक्चर कुणीच बघत नव्हतं?"

"मी बघत होतो, मालिक," निजामभाई हळूच म्हणाले. "रीळ तर बदलावीच लागती ना."

शेषेराव पुढं सरसावला. "म्हणजे हा धंदा हाय का! वितरकाला कळवतोच मी. रिळांची आख्खी पेटी परत नेतो."

गीतांजली आजवर थेटराच्या पुढच्या बाजूला कधी बोलली नव्हती. पण खालच्या मानेनं पायरीवर उभा नवरा तिला बघवेना. ती नीलूला कडेवर घेऊन पुढं झाली.

"भाऊ, तिकीट काढून माणूस आत काय करतो ह्याचा नियम हाय का कुठं?" मग ती नवऱ्याकडं वळली, आणि तिचा आवाज मऊ झाला. "अहो, ह्या लोकायला सोताच्या घरात डोळा लागत न्हाई. तुमच्या आईला बी लागत न्हाई. तुमच्या थेटरात लागतो. परक्याच्या शेजारी बसून माणूस डोळे मिटतो, म्हणजे केवढा भरवसा म्हणायचा! मामंजींनी टाकला तो पत्रा, त्याची लाज कशाची?"

शिवमूर्तीनं वर पत्र्याकडं पाहिलं, जणू पहिल्यांदाच पाहतोय.

"शिवमूर्तीअप्पा," गर्दीतून एका बाईनं विचारलं, "थोरली हाय का अजून? का गेली?"

"पेटी आतच हाय," निजामभाई म्हणाले.

पंचाक्षरी सरांनी घसा खाकरला. "ते हॉलचं मी बोललो होतो ना, ते राहू द्या, अप्पा. क्लास काय, गोठ्यात बी भरतो. हे बंद पडलं तर आम्ही..." पोरं ऐकत होती. "...पालकांची गैरसोय होईल."

शिवमूर्तीनं मान हलवली. निजामभाई पेटीकडं धावले. पब्लिक उश्या सावरत, आता एकमेकांना न लपवता, "तुमची खुर्ची कुठली हो?" विचारत आत गेलं. शेषेराव मात्र अडून बसला, "मी शेवटपर्यंत थांबून तपासणी करणार." तो मागच्या रांगेत वही उघडून बसला. थोरली जाऊ विहिरीकडं निघाली. नांदेडलाही स्लॅबच असतात. खेळ सुटला तेव्हा निजामभाईंना त्याला दोनदा हलवावं लागलं. उठल्यावर त्यानं डोळे पुसले आणि म्हणाला, "लई रडवलं हो थोरलीनं. राहू द्या हाच, दिवाळीपर्यंत."

दिवेलागणीला घरात कावेरीबाईंनी देवापुढं निरांजन लावलं. पोपटाची उशी बाजेवर परत आली होती, उद्या दुपारी उघड उघड न्यायला. शिवमूर्ती चौकटीशी चहा पीत बसला होता आणि मधूनच पत्र्याकडं बघून स्वतःशीच हसत होता. गीतांजलीनं तांब्या उपडा घातला, त्यावर पेला, पेल्यावर चमचा.

"महादेवा," कावेरीबाई रोजच्यासारख्या डोळे मिटून म्हणाल्या, "गावाची भीती जाऊ दे. ज्याला त्याला आपल्या घरात सुखाची झोप लागू दे."

शेजारी नीलू हात जोडून बसली होती. तिनं एक डोळा उघडला.

"आई, सगळ्यायला घरी झोप लागली तर आपल्या थेटरात कोण येणार?"

चमचा ठेवता ठेवता गीतांजलीचा हात थांबला. शिवमूर्तीनं कप खाली ठेवला. कावेरीबाईंनी डोळे उघडून सुनेकडं पाहिलं.

नीलूनं जोडलेले हात सोडले नव्हते. निरांजनाकडं बघत, आईच्या पदराला कोपरानं ढोसत तिनं पुन्हा विचारलं, "सांग ना आई. मग मी देवाला काय मागू?"